हिरवी वायर

पंचफुलाबाईच्या मोरीतला नळ
होळीपासून चावत होता.

दात नव्हते त्याला.
नुसतं बोटांच्या पेरांत मुंग्यांचं वारूळ उठायचं
आणि कोपरापर्यंत येऊन विरून जायचं.
ओले पाय, ओली फरशी, काखेत पितळी गुंड.
"वात हाय," बाई म्हणायची.
"मंग मले बी वात हाय का?" सून म्हणायची,
बावीस वर्षांची.
कुणीतरी नळावरून लिंबू उतरवून टाकलं.
लिंबू वाळलं. नळ चावतच राहिला.

बाबांसोबत मी, सहावीतली,
बॅटरी धरायला.
टेस्टर टेकवला तेव्हा आत काय पेटलं
ते उन्हात दिसेना,
मी फ्रॉकच्या घेराची सावली केली.
गुंजेएवढं केशरी.

मग बाबा नळ सोडून पाइपामागे निघाले.
न्हाणीच्या दगडाखालून, गोठ्याच्या कडेनं,
लोखंडी, पापुद्रे सुटलेला पाइप,
बाईच्या सासऱ्यानं एकाहत्तर साली
हिंगणघाटहून बंडीत घालून आणलेला.
घरच्या विजेची अर्थिंगही त्यालाच,
तेव्हाच्या वायरमननं तीन वेढे देऊन बांधलेली,
कारण पाइप जमिनीत जातो,
आणि जमीन कुठे जाते?

फाटकाशी पाइप निळा झाला.
तीन हात प्लास्टिक.
पंचायतीनं जोडलं होतं होळीच्या आठवड्यात,
गळती थांबली होती, गुळाचा खडा वाटला होता.
बाबा तिथं उकिडवे बसले
आणि बराच वेळ बघत राहिले,
मोडलेल्या सोयरिकीच्या दारासमोरून
माणूस जातो, तसे.

"मावशी, तुमच्या घराले अर्थ नाई राह्यला."

बाईनं पदर खोचला.
"काय रे उकंडा! चार लेकरं वाढवली,
दोन पोरी उजवल्या या घरातून,
अन् तू म्हन्तं अर्थ नाई?"

सून तोंडावर हात धरून आत पळाली.
आतून हसणं आलं, आणि कूलरची घरघर.
बाबांनी मान वळवली.
चोर तिथं होता.
खसाच्या ताट्यांमागे, होळीलाच माळ्यावरून काढलेला,
मोटरचं कापड जळालेला, सगळ्या पत्र्यात वीज सोडणारा.
ती वीज पाइपात यायची, घरभर फिरायची,
आणि बाहेर जायची वाट प्लास्टिकनं बुजलेली.
म्हणून ती माणसातून जाऊ बघायची.

कूलर बंद झाला. बाई पदरानं वारा घेत बसली.

परसात चार हात खड्डा.
चैत्रातली काळी माती, भेगांत माझा पंजा जाई.
कोळसा, खडे मीठ, कोळसा, मीठ,
सुनेनं थर लावले, पापड घालावेत इतके निगुतीनं.
मी पॉलिश पेपरनं पाइप घासत होते.
"आनखी घास. गंजावर मारलेली गाठ
गाठ नसते."

मग हिरवी वायर:
नळापासून मोरीच्या पाइपाला,
पाइपापासून टाकीच्या, न्हाणीच्या पत्र्याला,
सगळं लोखंड एका दावणीला.
"दोघायत फरक असला," बाबा क्लॅम्प आवळत म्हणाले,
"का झटका मधल्याले बसते.
दोघायले एक केलं, का मधला सुटला."
सुनेचा हात मिठात थांबला.
मग तिनं पुढची मूठ टाकली.

निघताना बाबांनी सांगितलं,
"उन्हाळाभर रोज एक गुंड पाणी टाकजा इथं.
माती वाळली का हे सारं फुकट."
"मानसाले पाणी नाई,
अन् तू खड्ड्याले पाजतं?"

मे महिन्यात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा.
शाळेला सुट्टी होती, मी कुंपणावरून बघितलं:
पंचफुलाबाई तांदळाचं धुवण घेऊन आली,
खड्ड्यात ओतलं, थोडी वाकली,
शोषून घेतल्याचा आवाज ऐकत असावी.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

मीठ पुरलेल्या जागी काही उगवत नाही,
हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.